घोड्याची घरे : बुद्धिबळातील एका मोहऱ्याच्या प्रतिकाराचा विचार

१

बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक मोहऱ्याला एक भूमिका नेमून दिलेली असते आणि खेळणारे दोघे आळीपाळीने आपापल्या सैन्याकडून त्या भूमिका वठवून घेत असतात. राजा जपून चालतो, हत्ती सरळ जातो, उंट तिरपा जातो, वजीर या दोघांचे बळ एकवटून वावरतो, आणि प्यादे एकेक पाऊल पुढे टाकीत राहते. या सर्वांच्या चाली रेषेच्या चाली आहेत. कोणता मोहरा कोठवर पोहोचतो हे पटावर नजर फिरवली की दिसते, आणि वाटेत दुसरा मोहरा आडवा आला की त्याची गती थांबते. घोडा मात्र या नियमात बसत नाही. तो अडीच घरे चालतो, मधल्या मोहऱ्यावरून उडी घेतो आणि जेथे उतरतो तेथून एकाच वेळी दोन-तीन मोहऱ्यांवर मारा करतो. नवशिक्या खेळाडूचे निम्मे पराभव या एका मोहऱ्यामुळे होतात असे म्हटले तर शिकविणाऱ्यांपैकी फारसे कोणी हरकत घेणार नाहीत.

या वीराचा प्रतिकार कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात हा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. परंतु आपल्या काव्यशास्त्राने घोड्याच्या चालीचा जो विचार केला आहे, त्याचा या व्यावहारिक प्रश्नाशी निकटचा संबंध आहे, आणि तो संबंध सहसा कोणी उलगडून दाखविलेला नाही. तो मला प्रथम जाणवला तो ग्रंथालयात नव्हे, तर म्हैसूर जिल्ह्यातील सोसले या गावी, एका घराच्या ओसरीवर.

सोसले हे तिरुमकूडलु नरसीपूर तालुक्यातील गाव. कावेरी आणि कपिला यांचा संगम येथून जवळ आहे. व्यासतीर्थांच्या परंपरेतील व्यासराज मठामुळे या गावाचे नाव विद्वानांना परिचित आहे. म्हैसुरास अध्यापनासाठी राहिलो असताना एका रविवारी मी तेथे गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो ते निवृत्त शिक्षक, देशस्थ घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहूनही घरात मराठी टिकलेली, पण तिला कन्नडचे वळण पडलेले. ओसरीवर ते आपल्या दहा-अकरा वर्षांच्या नातवाशी डाव मांडून बसले होते. पट कापडाचा होता आणि जुन्या पद्धतीप्रमाणे त्याच्या घरांना काळा-पांढरा भेद नव्हता. नुसत्या रेघांनी आखलेली चौसष्ट घरे. आजोबांच्या एका घोड्याने नातवाचा हत्ती घेतला, मग वजिरावर आणि राजावर एकदम मारा केला. मुलाने हातातले प्यादे पटावर टाकले आणि म्हणाला, “आजोबा, तुमचा घोडा काढून ठेवा, मगच मी खेळतो.”

आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, “घोडा काढायचा नाही बाळ. त्याची घरं काढून घ्यायची. घरं गेली की घोडा आपोआप गेला.”

पुढे जे विवेचन केले आहे ते एका अर्थी या वाक्याचे भाष्य आहे.

२

प्रथम या मोहऱ्याचा स्वभाव पाहू. बुद्धिबळ भारतातून इराणात, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेले, हे सर्वश्रुत आहे. या प्रवासात मोहऱ्यांची रूपे आणि बळे बदलली. मंत्री किंवा वजीर युरोपात राणी झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे त्याची चाल एका घरावरून सबंध पटभर लांबली, आणि आपण ज्याला उंट म्हणतो त्या मोहऱ्याचीही चाल त्याच काळात पालटली. घोड्याची चाल मात्र जशीच्या तशी राहिली. नावांतही हा सातत्याचा धागा दिसतो. संस्कृतात अश्व किंवा तुरग, फारसीत अस्प, अरबीत फरस, कन्नडात कुदुरे, स्पॅनिशमध्येही घोडाच. फ्रेंचांनी त्यावर स्वार बसविला, इंग्रजांनी त्या स्वाराला सरदारकी दिली, तर जर्मनांनी रूप बाजूला ठेवून गुण पाहिला आणि त्याला ‘उडी मारणारा’ असे नाव दिले. चाल बदलली नसल्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला घोड्याविषयी जे कळले होते ते आजच्या पटावरही लागू पडते. हे दुसऱ्या फारच थोड्या मोहऱ्यांविषयी म्हणता येईल.

हिंदुस्थानी पद्धतीच्या खेळात तर राजालाही घोड्याचे पाऊल उसने मिळत असे. राजाला शह बसलेला नसेल तोवर डावात एकदा त्याने घोड्याप्रमाणे उडी मारावी, अशी मुभा होती. पाश्चात्त्य खेळातील किल्लेकोटाची जागा आपल्याकडे या उडीने भरून काढली होती. संकटातून निसटण्याची युक्ती म्हणून जुन्या खेळाडूंनी इतर कोणतीही चाल न निवडता घोड्याचीच चाल निवडावी, यावरून या चालीची त्यांच्या मनावर केवढी छाप होती हे दिसते.

३

या छापेचे वाङ्मयीन रूप म्हणजे तुरगबंध. चित्रकाव्याच्या अनेक प्रकारांपैकी हा एक. त्याची घडण अशी : अनुष्टुभ छंदातील श्लोकाची बत्तीस अक्षरे चार ओळींत आठ-आठ अशी मांडली की अर्ध्या पटाची बत्तीस घरे तयार होतात. मग पहिल्या अक्षरापासून आरंभ करून घोड्याच्या चालीने एकेका घरात एकदाच जात सर्व अक्षरे वाचावयाची, आणि तसे वाचल्यावरही श्लोकच निघाला पाहिजे. नवव्या शतकातील काश्मीरचा आलंकारिक रुद्रट याच्या ‘काव्यालंकारा’त असा श्लोक आहे. तो सरळ वाचला काय किंवा घोड्याच्या चालीने वाचला काय, एकच राहतो. वेदान्तदेशिकांनी ‘पादुकासहस्रा’त याहून कठीण गोष्ट साधली. तेथे एका श्लोकावरून घोडा फिरविला की त्याच्या लगेच पुढचा श्लोक निघतो. श्रीरंगमवरील आक्रमणानंतर वेदान्तदेशिक कावेरीकाठच्या सत्यगाल या गावी राहिले होते अशी परंपरा आहे. सोसल्याहून नदीच्या अंगाने खाली गेले की तोच मुलूख लागतो.

काव्याबाहेरही ही परंपरा दिसते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ मराठी अभ्यासकांना त्यातील मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाचे आणि घोड्याच्या सर्व घरांतून होणाऱ्या भ्रमणाचे वर्णन येते. सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट यांनी ‘भगवंतभास्करा’त अशी भ्रमणे नोंदवून ठेवली. नीलकंठ काशीचे, पण त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. आणि १८७१ साली औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले, त्यातही या विषयाला जागा मिळाली.

या परंपरेतील शेवटचे मोठे नाव म्हैसूरचे आहे. मुम्मडी कृष्णराज वोडेयर हे १७९९ साली बालवयात गादीवर आले आणि १८६८ साली निवर्तले. ‘श्रीतत्त्वनिधि’ या त्यांच्या प्रचंड ग्रंथाचा शेवटचा भाग ‘कौतुकनिधि’ हा खेळांना वाहिलेला आहे. घोड्याची भ्रमणे रचण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. त्यांच्या एका भ्रमणात घोड्याच्या मुक्कामांना १ ते ६४ असे क्रमांक दिले तर प्रत्येक आडव्या ओळीची आणि प्रत्येक उभ्या ओळीची बेरीज २६० येते. दोन्ही कर्णांचीही बेरीज तेवढीच यावी असे भ्रमण मात्र चौसष्ट घरांच्या पटावर शक्यच नाही, हे २००३ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले.

आपल्या समीक्षेने चित्रकाव्याला ‘अधम काव्य’ म्हणून बाजूला सारले, आणि रसाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु त्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड झाली. असा श्लोक रचणाऱ्याला घोड्याचा स्वभाव अंतर्बाह्य कळलेला असावा लागतो. त्याला घोड्याची अडचण कोठे होते हे ठाऊक नसेल, तर त्याचा श्लोक अर्ध्यावरच अडकेल. आणि घोड्याची अडचण कोठे होते, हाच तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न आहे.

४

हा मुद्दा सोसल्याच्या ओसरीवर फार सोप्या रीतीने स्पष्ट झाला. आजोबांनी पटावरचे सर्व मोहरे काढून घेतले, नातवाच्या हातात एक घोडा दिला आणि आतून एक डबाभर चिंचोके आणविले. प्रत्येक घरात घोडा ठेवून पाहायचा, तेथून त्याला किती घरांत जाता येते ते मोजायचे, आणि तितके चिंचोके त्या घरात ठेवायचे.

मुलाने काम सुरू केले आणि मीही त्यात गुंतलो. चार कोपऱ्यांत प्रत्येकी दोनच चिंचोके पडले. कोपऱ्याला लागून असलेल्या कडेच्या आठ घरांत तीन-तीन. कडेच्या उरलेल्या सोळा घरांत आणि कोपऱ्यापासून तिरप्या रेषेत आतल्या बाजूस असलेल्या चार घरांत, म्हणजे एकूण वीस घरांत, चार-चार. त्यानंतरच्या सोळा घरांत सहा-सहा, आणि पटाच्या मध्यभागी असलेल्या सोळा घरांत आठ-आठ. सर्वांची बेरीज ३३६. मध्यभागी चिंचोक्यांचा ढीग आणि कडेला विरळ दाणे, असे ते चित्र होते. “बघ,” आजोबा म्हणाले, “हा घोडा मधे श्रीमंत आहे आणि काठावर दरिद्री.”

तुरगबंध रचणाऱ्याला हेच चित्र उलट्या बाजूने उपयोगी पडते. ज्या घरातून बाहेर पडण्याच्या वाटा कमी, ते घर आधी उरकून घ्यावे. नाहीतर शेवटी तेथे जाता येत नाही किंवा गेल्यास परत येता येत नाही. हा नियम युरोपात १८२३ साली वार्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन लेखकाने सूत्ररूपाने मांडला. घोडा फिरविणाऱ्याने दरिद्री घरांची आठवण आधी ठेवावी, आणि घोड्याला रोखणाऱ्याने त्याला त्याच दरिद्री घरांकडे लोटावे. एकाच ज्ञानाची ही दोन टोके आहेत. काव्यात घोडा रिकाम्या पटावर एकटा फिरतो, डावात तो भरल्या पटावर शत्रूसमोर उभा असतो. एवढाच काय तो फरक.

५

आता प्रत्यक्ष प्रतिकाराकडे वळू. वरील चित्रातून आणि घोड्याच्या चालीच्या रचनेतून पुढील गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट रंगाची. घोडा प्रत्येक चालीत घराचा रंग बदलतो. पांढऱ्या घरातला घोडा फक्त काळ्या घरांवर मारा करतो आणि काळ्या घरातला फक्त पांढऱ्या. यातून दोन नियम हाती येतात. एक, राजा आणि हत्ती, किंवा राजा आणि वजीर, जर भिन्न रंगांच्या घरांत उभे असतील तर एका घोड्याला त्या दोघांवर एकदम मारा करता येणार नाही. दोन, घोड्याची खेळी असताना आपला राजा घोड्याच्या घराहून भिन्न रंगाच्या घरात असेल आणि त्याला शह बसलेला नसेल, तर त्या एका खेळीत घोडा स्वतः त्याला शह देऊ शकत नाही. पाश्चात्त्य पटावर हे डोळ्यांना दिसते. आपल्या जुन्या पटांना रंगच नसल्यामुळे खेळाडूला हा सम-विषमाचा हिशेब मनात ठेवावा लागे. सोसल्याच्या त्या मुलाचे हत्ती-वजीर पुनःपुन्हा का मारले जात होते याचे निम्मे उत्तर त्या बिनरंगी कापडात होते.

दुसरी गोष्ट अंतराची. घोडा जवळ आला की नवशिका राजाला दूर पळवितो, आणि पुष्कळदा तेच चुकते. राजा घोड्यापासून सरळ रेषेत मध्ये एक घर सोडून उभा राहिला, तर वाट मोकळी असल्यास पुढच्याच खेळीत शह बसतो. तो घोड्याला सरळ रेषेत अगदी चिकटून उभा राहिला, तर शहासाठी किमान दोन खेळ्या लागतात. आणि तिरप्या रेषेत मध्ये एक घर सोडून उभा राहिला, तर किमान तीन. डावाच्या शेवटी, जेथे एकेक खेळी मोलाची असते, तेथे या तीन खेळ्यांत प्यादे वजीर होऊन जाते. म्हणून घोड्यापुढे उभे राहावयाचे झाल्यास तिरप्या रेषेतले हे घर शोधावे, असे अनुभवी खेळाडू सांगतात.

तिसरी गोष्ट उंटाची. घोडा कडेच्या घरात असेल, आणि त्याच आडव्या किंवा उभ्या ओळीत मध्ये दोन घरे सोडून आपला उंट उभा केला, तर घोड्याच्या चारही वाटा उंटाच्या दोन तिरप्या रेषांवर येतात. घोडा जेथे जाईल तेथे मारला जाईल. येथे उंटाने घोड्यावर हल्ला केलेला नसतो. त्याने घोड्याची घरे घेतलेली असतात. मग राजा किंवा प्यादे सावकाश येऊन त्याला उचलतात. कोपऱ्यातील घोड्याची अवस्था याहून वाईट. कित्येकदा शत्रूचा घोडा राजावर आणि हत्तीवर दुहेरी मारा करून कोपऱ्यातला हत्ती घेतो आणि खेळाडू हताश होतो. अशा वेळी हत्तीचे दुःख करीत न बसता त्या घोड्याच्या परतीच्या दोन वाटा मोजाव्यात. त्या दोन्ही बंद करता आल्या तर घोडाही परत जात नाही आणि हिशेब बराचसा भरून निघतो.

चौथी गोष्ट बांधून ठेवण्याची. उंट किंवा हत्ती राजाच्या आड अडकला तरी कधी कधी त्याच रेषेवर मागेपुढे सरकू शकतो. घोड्याला तेही करता येत नाही, कारण त्याची चाल कोणत्याही रेषेवरची नाही. म्हणून राजाच्या पुढे उभा असलेला घोडा उंटाने बांधला की तो जागच्या जागी थिजतो. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. घोड्याने दिलेल्या शहाला आड घालता येत नाही. राजाला हलावे लागते किंवा घोडा मारावा लागतो. तेव्हा बांधायचे तर तो उडी घेण्यापूर्वी बांधावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्याद्यांची. घोडा आठ चिंचोक्यांच्या घरात, म्हणजे पटाच्या मध्यभागी, तेव्हाच निर्धास्त बसू शकतो जेव्हा त्याला तेथून हुसकावणारे प्यादे शिल्लक नसते. प्यादे मागे येत नाही. एकदा ते पुढे सरकले किंवा मारामारीत गेले की त्याने राखलेली दोन घरे कायमची उघडी पडतात. म्हणून प्यादे पुढे ढकलण्यापूर्वी, किंवा प्याद्याच्या बदल्यात प्यादे देण्यापूर्वी, ‘या घरात उद्या घोडा येऊन बसला तर त्याला उठविणारे कोण?’ हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. घोड्याचा प्रतिकार घोडा येण्याच्या आधी दहा खेळ्या सुरू होतो.

६

या पाचव्या गोष्टीचे उदाहरण म्हणून अलीकडच्या काळातील एका डावाकडे पाहता येईल. १९८५ साली मॉस्को येथे कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्यातील सोळाव्या डावात कास्पारोव्ह काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. सोळाव्याच खेळीत त्याने आपला एक घोडा कार्पोव्हच्या बाजूच्या तिसऱ्या आडव्या ओळीत, वजिराच्या उभ्या ओळीत नेऊन बसविला. त्याच्या पाठीशी काळा उंट होता. त्या घरातून तो पांढऱ्याच्या पहिल्या ओळीतली दोन घरेही राखीत होता, त्यामुळे कार्पोव्हच्या हत्तींना पसरावयास जागा उरली नाही. मोहरे सर्व हजर होते, संख्येने पांढऱ्याचे एक प्यादे अधिकच होते, पण कोणालाच काही काम करता येईना. चाळिसाव्या खेळीला कार्पोव्हने डाव सोडला.

त्या घोड्याला कोणी का उठवू शकले नाही? कारण ज्या दोन उभ्या ओळींतील प्याद्यांनी ते घर राखावयाचे, ती दोन्ही पांढरी प्यादी पहिल्या दहा खेळ्यांतच त्या ओळींतून गेली होती. कार्पोव्हसारख्या जगज्जेत्यालाही एकदा घोडा तेथे बसल्यावर उपाय सापडला नाही. या डावातून घ्यावयाचा धडा असा की बसलेल्या घोड्याला उठविण्याच्या खटपटीत वेळ घालविण्यापेक्षा, लागल्यास किंमत मोजून, म्हणजे प्रसंगी हत्ती देऊनही, त्याला लवकर पटावरून काढावे. तीस खेळ्या श्वास कोंडून काढण्यापेक्षा ती किंमत पुष्कळदा स्वस्त पडते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. घोडा सर्वत्र बलवान नसतो, तसा सर्वत्र दुर्बलही नसतो. प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला की उंट आणि हत्ती निरुपयोगी होतात आणि उडी मारणारा घोडा राज्य करतो. उलट पट मोकळा झाला, दोन्ही अंगांना प्यादी राहिली, की घोड्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यास वेळ लागतो. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात पोहोचण्यास त्याला सहा खेळ्या लागतात, तर उंट तीच मजल एका खेळीत मारतो. म्हणून ज्याच्यापुढे घोडा आहे आणि हाती उंट आहे, त्याने पट मोकळा करावा आणि शक्य तर लढाई दोन्ही अंगांना पसरवावी. कडेचे प्यादे पुढे ढकलता आले तर उत्तमच, कारण कडेला घोड्याच्या वाटा निम्म्या होतात आणि एकट्या घोड्याला कडेचे प्यादे थोपविणे सर्वांत जड जाते.

७

या सर्व नियमांत एक समान सूत्र आहे. मोहऱ्याचे बळ मोहऱ्यात नसते, ते त्याच्या घरांत असते. एकच घोडा मध्यभागी आठ वाटांचा मालक असतो आणि कोपऱ्यात दोन वाटांचा. म्हणून त्याच्यावर धावून जाणे हा प्रतिकाराचा सर्वांत कच्चा प्रकार होय. धावून गेले की तो उडी मारून दुसरीकडे जातो आणि धावणाऱ्याची खेळी मात्र वाया जाते. त्याच्या वाटा ओळखाव्यात, त्या एकेक करून बंद कराव्यात, आणि मग त्याच्याकडे वळावे.

ज्या गावी हे मला शिकावयास मिळाले, त्या गावच्या विद्यापरंपरेतही असाच एक संकेत आहे. व्यासतीर्थांच्या ‘न्यायामृत’ या ग्रंथाची पद्धत अशी की प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या सर्व बळांनिशी मांडावयाचे आणि मगच त्याच्या एकेका वाटेचा विचार करावयाचा. पुढे मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’त त्याचे उत्तर त्याच पद्धतीने दिले. कोणता पक्ष खरा, हा येथे प्रश्न नाही. प्रतिपक्षाला प्रतिपक्षाहूनही चांगले समजून घेतल्याशिवाय त्याचा प्रतिकार होत नाही, हा पूर्वपक्षाचा नियम दोघांनीही पाळला. मला वाटते, तुरगबंध हा घोड्याचा पूर्वपक्ष आहे. घोड्याच्या बाजूने, त्याच्या सर्व वाटा पूर्ण करून दाखविणारे ते लेखन आहे. तो वाचता आला तर उत्तरपक्ष मांडणे फारसे कठीण राहत नाही.

कृष्णराज वोडेयरांविषयी विचार करताना हे सूत्र मला अस्वस्थ करते. १८३१ साली ब्रिटिशांनी म्हैसूरचा कारभार त्यांच्याकडून काढून आपल्या हाती घेतला. राजा राहिला, राजवाडा राहिला, बिरुदे राहिली. जावयास घरे तेवढी राहिली नाहीत. घोड्याची घरे काढून घेतल्यावर घोडा आपोआप जातो, हे ज्याला इतके नेमके ठाऊक होते, त्याच्यावरच ती खेळी झाली होती. त्यानंतरची सदतीस वर्षे ते जगले. आपले राज्य परत मिळावे म्हणून त्यांनी अर्जविनंत्या केल्या, ग्रंथ रचविले, आणि शत्रू नसलेल्या रिकाम्या पटावर चौसष्ट घरांपैकी एकही घर न गाळता घोडा फिरविला. त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ती भ्रमणे केवळ करमणूक म्हणून वाचणे मला आता जमत नाही.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा ओसरीवर पुन्हा डाव मांडला होता. नातवाने आजोबांच्या घोड्याकडे न पाहता आपले कडेचे प्यादे एक घर पुढे सरकविले, आणि बराच वेळ विचार करून आपला उंट घोड्याच्या ओळीत, मध्ये दोन घरे सोडून, आणून ठेवला. आजोबांनी घोड्याला हात लावला, चार घरे पाहिली आणि हात मागे घेतला. “आता काय करणार, आजोबा?” मुलाने विचारले. “आता,” ते म्हणाले, “मी विचार करणार.” डबाभर चिंचोके शेजारीच ठेवले होते.